चेरी नाही लागली, मग काय लागलं?

सोलापूर,
१२ डिसेंबर

पोरी,

तुझा मेसेज तीनदा वाचला. फोन करून सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हो काका, हो काका" करतेस आणि डोक्यात किती उतरलं ते मला कळत नाही. म्हणून कागद घेऊन बसलोय. पोरगा फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर मग फोन कर.

तुझी तक्रार थोडक्यात अशी. तुमच्या वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये सांजोवेझे, त्याच नावाच्या इटालियन काळ्या द्राक्षाची रेड वाइन, ओतली की सगळ्यांना चेरी लागते. मॅनेजरला लागते, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना लागते. तुझ्याबरोबर कामाला लागलेल्या पोराला पहिल्या दिवशी लागली नव्हती, त्यालाही दुसऱ्या दिवसापासून लागायला लागली. तुला मात्र आंबट लागतं, हिरड्या ओढल्यासारख्या होतात आणि नाकात व्हिनेगरसारखा झणका येतो. "काका, माझी जीभच तसली नाही का?"

जीभ ठणठणीत आहे. तू चेरी खाल्लेली नाहीस, एवढीच गोष्ट आहे.

"खाल्ली की, केकवर असते ती," म्हणशील. ती चेरी नव्हे गं. आपल्याकडे बेकरीवाले केकवर जी लालभडक गोळी बसवतात ती बहुतेक वेळा करवंदाची असते. करवंदं घ्यायची, बिया काढायच्या, पाकात मुरवायची, वरून लाल रंग. खरी चेरी थंड मुलखातली; आपल्याकडे येते ती काश्मीर-हिमाचलची, आणि ती गोड जातीची. इटलीची माणसं सांजोवेझेच्या संदर्भात जिचं नाव घेतात ती आंबट चेरी, ती आणखी निराळी. म्हणजे तुझ्या मॅनेजरनंही ते फळ बहुधा चाखलेलं नाही, शब्द पाठ केलाय. त्यांच्यावर अन्याय नको म्हणून हेही सांगतो की शब्द खोटा नाही. चिलियेजोलो नावाचं एक इटालियन द्राक्ष आहे, त्याचं नावच चेरीवरून पडलंय, आणि जनुकं तपासली तेव्हा सांजोवेझेचं त्याच्याशी अगदी जवळचं रक्ताचं नातं निघालं. तर त्या लोकांना चेरी लागते ती उगाच नाही लागत. त्यांच्या परसात ती असते.

तुझ्या परसात काय आहे?

मी सेलरमध्ये, वाइन बनते-मुरते तिथे, नवा लागलो तेव्हा पहिल्या घोटाला माझ्या तोंडून "करवंद" असंच निघालं होतं. सगळे हसले. आमच्याकडे तेव्हा हंगामापुरता एक इटालियन सल्लागार यायचा, त्यानं विचारलं, हा काय म्हणाला? कुणाच्या तरी डब्यात करवंदाचं लोणचं होतं. त्यानं एक करवंद उचललं, नळाखाली धरून तिखट-मीठ धुतलं, चावलं, बराच वेळ गप्प राहिला आणि खिशातून वही काढून काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला कळलं नाही. पण त्या दिवसापासून पेला हातात दिला की तो माझ्याकडे बघून "कर-वान-दा?" असं विचारायचा, आणि मी मान हलवली की त्याला बरं वाटायचं.

काळं पिकलेलं करवंद आठव. आधी गोड, लगेच आंबट, मग सालीचा तुरटपणा आणि ओठाला चिकटणारा चीक. सांजोवेझेचा घोट असाच पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, फक्त गोडी नसते. साखर सगळी मद्यार्कात गेलेली असते.

आता दुसरी गोष्ट. "वाळलेली पानं, तंबाखू" असं त्या छापील कागदावर लिहिलंय आणि ते तुला समजलं नाही म्हणतेस. कमाल आहे! तुझ्या घरात ते समजणार नाही तर कुणाच्या? तुझी आई पहाटे टेंभुर्णीची पानं भिजवते, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते, पत्र्याच्या मापानं कापते, मग विड्या वळायला सूप मांडीवर घेऊन बसते. त्या सुपावरून उठणारा वास तू जन्मल्यापासून घेतलायस. भिजलेल्या पानाचा थोडा हिरवट, थोडा चहापत्तीसारखा. आणि तंबाखूचा कोरडा, किंचित गोडसर. लाकडी पिंपात वर्ष-दीड वर्ष मुरलेल्या रेड वाइनमध्ये तो अगदी सुपासकट सापडतो. शहरातल्या पोरांना पैसे भरून हा वास शिकवतात. तू तो विसरायला निघालीयस, कारण तो पूर्व भागातल्या एका खोलीतला आहे आणि टेस्टिंग रूममध्ये एसी आहे.

पाहुण्यांसमोर विडी हा शब्द काढायचा की नाही, ते तुझं तू ठरव. वहीत मात्र तोच लिही. वही आपली असते.

आधी जिभेला चार गोष्टी वेगळ्या करायला शिकव: आंबट, तुरट, कडू आणि ऊब. नवखा माणूस या चौघांना मिळून "स्ट्राँग" म्हणतो आणि तिथेच थांबतो. यासाठी वाइन लागत नाही, घरचं स्वयंपाकघर पुरतं. चिंचेचं कोळ जिभेवर टाक आणि थांब. गालांच्या आतून पाणी सुटेल. पाणी सुटतं तो आंबटपणा. मग डाळिंब सोल, आणि दाण्यांच्या मधला तो पिवळा पापुद्रा दाढेखाली धर. आता उलटं होईल, तोंड कोरडं पडेल, जीभ टाळ्याला घासल्यासारखी वाटेल, हिरड्या आवळतील. तो तुरटपणा. तो खरं तर चव नाहीच, स्पर्श आहे. लाळेत जी प्रथिनं असतात त्यांना टॅनिन, म्हणजे सालीतलं-बियांतलं तुरट द्रव्य, धरून ठेवतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंडाला खरखर लागते. हिरडा चघळला तरी तेच, जांभूळ खाल्लं तरी तेच. कडूसाठी मेथीचे चार दाणे. चौथी ती ऊब, घोट गिळल्यावर घशातून छातीत उतरते ती. ती मद्यार्काची, आणि ती तुला घरात शिकवता येणार नाही, आई चपला घेऊन मागे लागेल.

हे आठवडाभर कर. मग सांजोवेझे घे आणि एका वेळी एकच प्रश्न विचार. पाणी किती सुटलं? हिरड्या कुठे आवळल्या, पुढे की मागे? आवळणं मखमलीसारखं की घोंगडीसारखं? सोलापूरच्या माणसाला हे विचारायला नको खरं तर. चादरीच्या सुतावर बोट फिरवून नंबर सांगणारी माणसं आपल्या गल्लीत होती. तेच जिभेनं करायचं.

बघणं, हुंगणं, घोट घेणं यांचा क्रम तुला तिथे शिकवला असेलच, म्हणून मी त्यात वेळ घालवत नाही. चार बारीक गोष्टी मात्र कोणी सांगणार नाही. रिकामा पेला आधी हुंगायचा. निम्म्या वेळा वाइनमध्ये जो "विचित्र" वास येतो तो भांड्याच्या साबणाचा किंवा कपाटाचा असतो. कामावर जाताना गजरा माळू नकोस, मोगऱ्यापुढे कुठल्याही वाइनचं काही चालत नाही. रंग बघायचा तो पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून, आणि मधला नाही, कडेचा. कोवळ्या रेड वाइनची कड जांभळट, मुरलेलीची विटकरी. सांजोवेझेचा रंग मुळात फार गडद नसतो, शिराझसारखी ती काळी दिसत नाही. पाहुणा "पातळ आहे" म्हणाला तर गडबडून जाऊ नकोस, तिची जातच तशी. पेल्याच्या आतून ओघळ उतरतात त्यांचं लोक फार कौतुक करतात; ते मद्यार्काचं गणित आहे, दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे. आणि कधी पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा, ओल्या गोणपाटाचा वास आला तर बूच खराब निघालंय, ती बाटली सरळ बाजूला ठेवायची.

थुंकायला लाजू नकोस. दिवसाला आठ-दहा नमुने चाखायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं घरी यायचं, तर गिळून चालणार नाही. आपल्या शहरात भिंती रंगवणारे एवढे गुरू असताना तुला नेम धरून भांड्यात थुंकता येऊ नये याचं मला नवल वाटतं.

"रेड वाइन रूम टेंपरेचरला द्यावी" असं कागदावर आहे ना? तो नियम दगडी भिंतींच्या युरोपातल्या घरांचा आहे. त्यांची रूम सोळा-अठरा अंशांची. आपली रूम एप्रिलमध्ये अडतीसची. त्या तापमानाला नुसता मद्यार्क नाकात जातो आणि बिचारी वाइन काढा होते. थोडी थंड होईपर्यंत फ्रिजमध्ये, मग बाहेर. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

एवढं सगळं पेल्याबद्दल झालं. आता पेल्याच्या मागचं, कारण तू जिथे उभी आहेस तिथून खिडकीतून बाग दिसते आणि तू तिच्याकडे पाठ करून वाइन समजून घ्यायला बघतेयस.

माझं घर नान्नजच्या बाजूचं, तुला माहीत आहे. खायच्या द्राक्षांचा मुलूख. नान्नजच्याच नानासाहेब काळ्यांनी थॉमसन सीडलेसमधून सोनाका निवडून काढली, तिचे लांब, सोनेरी मणी बघत आम्ही वाढलो. आमच्या वडिलांच्या लेखी द्राक्ष म्हणजे मणी लांब, साल पातळ, बी नाही, दाताखाली कुर्रकन वाजणारं. मी २००६ साली दोन एकरांवर वाइनची काडी लावली तेव्हा पहिला घड बघून ते म्हणाले, "ही द्राक्षं? याला कावळा शिवायचा नाही." मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत दोन-तीन बिया. त्यांना कसं सांगणार, की रेड वाइनला हेच लागतं. काळ्या द्राक्षाचा मणी फोडून बोटांत पिळून बघ. रस जवळजवळ पांढरा निघतो. लाल सगळं सालीत. तुरटपणा सालीत आणि बियांत. म्हणून रस आणि चोथा एकत्र ठेवून आंबवायचा, चोथा वर तरंगून त्याची जाड साय धरते, ती दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायची किंवा खालचा रस पंपानं वर सोडून भिजवायची. मणी लहान म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त. एवढं साधं आहे ते.

त्याहून अवघड होतं घड कापणं. खायच्या द्राक्षाला एकरी दहा-बारा टन काढणारा आमच्याकडे मध्यम शेतकरी. चांगल्या रेड वाइनसाठी तीन-चार टनांवर थांबायला सांगतात, वेलीनं सगळी ताकद थोड्या घडांत घालावी म्हणून. मी जानेवारीत हिरवे घड कापून जमिनीवर टाकत होतो आणि वडील बांधावर बसून बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, पडलेल्यातला एक घड उचलला, धोतरानं पुसला आणि शेळीसाठी घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून त्या दोन एकरांत ते फिरकलेच नाहीत.

२००९ चा हंगाम बरा गेला. २०१० ला ज्या कंपनीशी करार होता ती माल उचलेना. आज गाडी येते, उद्या येते. "टाक्या रिकाम्या नाहीत." रोज सकाळी मी रिफ्रॅक्टोमीटर, रसातली साखर मोजायचं यंत्र, घेऊन जायचो: चोवीस ब्रिक्स, पंचवीस, सव्वीस. मणी सुरकुतायला लागले. बाजारात नेलं तर बियांची काळी द्राक्षं कोण घेतंय, आणि बेदाणा करावा तर बियांचा बेदाणा कोण खातंय. मेमध्ये ट्रॅक्टर लावून दोन्ही एकर उपटले. मुळं निघताना जो आवाज होतो तो अजून कानात आहे. पुढच्या वर्षी मी दुसऱ्याच एका ठिकाणी सेलरमध्ये हमाली धरली, आणि तिथे नऊ हंगाम काढले. राग होता म्हण, कुतूहल होतं म्हण. ज्या मालासाठी घर बुडालं तो पुढे होतो तरी काय, ते बघायचं होतं.

तिथे त्या इटालियनानं मला पहिली शिकवलेली गोष्ट यंत्राची नव्हती. त्यानं बी चावायला लावली. साखर मोजायला यंत्र आहे, बी पिकली की नाही ते दातांनाच कळतं. कच्ची बी हिरवी असते, चावली की जिभेला कडू चिकटून बसते. पिकलेली तपकिरी, कडकन फुटते आणि भाजल्यासारखी लागते. आपल्या उन्हाचा दोष असा की साखर पुढे पळते आणि बी मागे राहते. फेब्रुवारीत दुपार तापायला लागली की चार दिवसांत ब्रिक्स उडी मारतो, आंबटपणा उतरतो, आणि बी अजून हिरवीच. आता तोडलं तर वाइन कडवट, थांबलं तर मद्यार्क जास्त आणि आंबटपणा कमी, म्हणजे बसकी. या कात्रीत इथला वाइन करणारा दरवर्षी सापडतो. तोडणी पहाटे हेडलाइट लावून का करतात ते आता कळेल. आणि काही ठिकाणी टाकीत टार्टारिक आम्ल घालून आंबटपणा सावरतात. कुणी विचारलं तर लपवू नकोस, उष्ण देशांत हे सर्रास चालतं.

सांजोवेझेची खरी जागा इटलीतलं टस्कनी, फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांमधल्या टेकड्या. त्या टेकड्यांचं आणि तिथल्या वाइनचं नाव बाटलीवर वाचून "चियांती" म्हणू नकोस हं, कियांती. तिथली माती त्या इटालियनानं मला खड्याच्या रूपानं दाखवली. त्याच्या टेबलावर कागद दाबायला एक राखाडी खडा असायचा, गालेस्त्रो म्हणतात त्याला. मी उचलला तर बोटांत पापुद्रे सुटले, शिळ्या कडक भाकरीचा कोपरा मोडावा तसे. तो ओरडला नाही, हसला. म्हणाला, आमच्याकडे पाऊस हेच करतो. दुसरा असतो अल्बेरेझे, चुनखडीचा, घट्ट. पाणी टिकू न देणारी उतरणीची गरीब जमीन, म्हणून वेलीला खाली मुळं पाठवावी लागतात. आपला मुरूम बघून तो खूश व्हायचा. जात वेगळी, आपला बेसाल्टचा, ज्वालामुखीतला. पण खोड्या सारख्या.

कियांतीची शीव १७१६ साली तिथला राज्यकर्ता तिसरा कोसिमो मेदिची यानं हुकूम काढून आखली. अमुक गावापासून तमुक ओढ्यापर्यंतच्या वाइनलाच हे नाव. आपल्याकडे तेव्हा साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज होते. म्हणजे मंगळवेढ्याची ज्वारी, सोलापूरचं डाळिंब यांना आज आपण भौगोलिक मानांकन म्हणून जे मिळवलं, त्याचा खटाटोप ते तीनशे वर्षांपूर्वी करत होते. बाटलीवर काळा कोंबडा असतो त्याची कथा पाहुण्यांना सांग, आवडते. फ्लॉरेन्स आणि सिएना यांचा शिवेचा वाद. ठरलं असं की कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघेल, जिथे भेटतील तिथे शीव. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा खाऊपिऊ घालून लठ्ठ केला. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा उपाशी ठेवला. उपाशी कोंबडा पहाट व्हायच्या आधीच ओरडला, त्यांचा स्वार कितीतरी पुढे गेला आणि शीव सिएनाच्या दाराशी जाऊन टेकली. दंतकथाच आहे, पण शिवेच्या वादात असलं काहीतरी करणारी माणसं माझ्याच भावकीत आहेत.

आजचा नियम असा की या काळ्या कोंबड्याच्या वाइनमध्ये, कियांती क्लासिकोत, निदान ऐंशी टक्के सांजोवेझे हवी. आधी पांढरी द्राक्षंही मिसळायचे, २००६ पासून ती बंद. आणखी दक्षिणेला मोंताल्चिनो गाव आहे, तिथली ब्रुनेल्लो शंभर टक्के सांजोवेझे. आणि तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षीचा जानेवारी उजाडल्याशिवाय ती विकायला काढता येत नाही. पाचवं वर्ष! आमचा माल पाच दिवस थांबेना. सांजोवेझेला एवढं थांबता येतं ते तिच्यात आंबटपणा आणि टॅनिन दोन्ही भरपूर असतात म्हणून. तुला जे खटकलं तेच तिचं हाड आहे. चहात लिंबू पिळल्यासारखा तो आंबटपणा, तो गेला तर उरतं ते लाल पाणी.

म्हणूनच कुणीतरी डोकं लावून तिला आपल्या जिल्ह्यात आणलं असणार. उन्हात आंबटपणा धरून ठेवणारी जात हवी, ही तशी आहे. माळशिरस तालुक्यात मोटेवाडी, गारवाड भागात फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या बागा आहेत. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. एक घर इटलीचं, एक दिल्लीचं, एक अकलूजचं. त्यांची सेत्ते म्हणजे सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या दुसऱ्या काळ्या द्राक्षाचं मिश्रण, सेत्ते म्हणजे सात. कधी सुट्टी घेऊन गारवाडच्या माळावर जाऊन उभी राहा. सह्याद्रीनं अडवलेल्या पावसाची ती कोरडी बाजू, पायाखाली मुरूम, वारा सतत. मग डोळे मिटून टस्कनीचा विचार कर: ते त्रेचाळीस अक्षांशावर, आपण अठराच्या आसपास. त्यांची वेल थंडीत झोपते, एप्रिलमध्ये फुटते, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. आपली वेल झोपतच नाही. तिला आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी देऊन फुटायला लावतो, ऑक्टोबरात पुन्हा छाटून घड काढतो, आणि ते झोपेत असतात तेव्हा आपली तोडणी चालू असते. तेच रोप, तीच जात, पण तिला आपण मोसमच उलटा घालून दिलाय. म्हणून दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून "त्यांची खरी, आपली नक्कल" असं बोलणाऱ्याशी मी वाद घालत नाही, फक्त दोन्ही ओततो. त्यांची जास्त बारीक, जास्त वाळकी, आंबटपणा सुईसारखा. आपली जास्त पिकलेली, जांभळाकडे झुकणारी, तुरटपणा थोडा गोलसर. मला मनापासून विचारशील तर चांगल्या कियांतीला तोड नाही. पण आपली पिताना मला पाऊस कुठे अडला ते कळतं, तिकडची पिताना कळत नाही.

पाहुण्यांशी बोलताना दोन गोष्टी टाळ. रेड वाइन हृदयाला चांगली असं सांगू नकोस. डॉक्टर आता तसं म्हणत नाहीत, आणि आपण औषधाचं दुकान उघडलेलं नाही. आणि आपल्या गावचे लोक आले की शेंगा चटणी मागतात, ती पेल्याबरोबर देऊ नकोस. तिखटानं मद्यार्काची आग वाढते, तुरटपणा दुप्पट बोचतो, आणि मग दोष वाइनला. भाजलेलं मटण दे, चीज दे. स्निग्ध आणि प्रथिनाचं काही तोंडात असलं की टॅनिन त्यालाच धरतं, तुझ्या हिरड्यांना सोडतं.

आईला तू अजून "हॉटेल लाइनची नोकरी" एवढंच सांगितलंयस, हे मला तिच्याकडूनच कळलं. तिला सगळं माहीत आहे. मागच्या आठवड्यात ती मला म्हणाली, "पगार वेळेवर होतो ना, मग झालं." गड्ड्याच्या यात्रेला येशील तेव्हा तूच सांग.

काका

ता. क.
सही केली आणि तुझा मेसेज पुन्हा काढून वाचला. "नाकात व्हिनेगरसारखा झणका." मी म्हातारा माणूस, आंबटपणावर एवढं व्याख्यान दिलं आणि हाच शब्द नजरेआड केला. द्राक्षाच्या आंबटपणाला वास नसतो गं. टार्टारिक आम्ल ते, चिंचेत असतं तेच. जिभेवर कळतं, नाकात कधी झणकत नाही. नाकात असं झणकतं ते व्हिनेगर. तुमच्याकडे पेल्यापेल्यानं ओततात, म्हणजे बाटली उघडी राहते. रेड वाइन दोन-तीन दिवस तग धरते, पुढे नाही. ती बाटली कधी उघडली होती? गळ्याला चिठ्ठी लावून तारीख लिहितात का?

उद्या मॅनेजरला विचारून नवी उघड. एका पेल्यात नवी ओत, दुसऱ्यात ती जुनी, आणि कोणाला काही न सांगता त्या पोराच्या हातात दोन्ही दे. दोन्हींत त्याला चेरी लागली तर मला लगेच फोन कर.